कंसातला अमुक

नोकरीच्या पहिल्याच सकाळी गुरुजींनी माझ्या कीबोर्डवरची कंट्रोलची दोन्ही बटणं स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढली आणि आपल्या बटव्यात टाकली. चौकातल्या दुकानांत मिळतो तसला भोपाळी बटवा, जांभळ्या मखमलीचा, वर जरीचं काम. दोऱ्या ओढून त्यांनी त्याचं तोंड आवळलं, तो खिशात ठेवला आणि म्हणाले, "आता करा काम. काही लागलं तर मागा. हे सोडून."

मी तोवर कोणाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

कंट्रोलचं बटण नाही म्हणजे कॉपी नाही, पेस्ट नाही, आणि चूक झाली तर मागे यायची सोयही नाही. बटण काढलं तरी खाली रबराचा एक उंचवटा राहतो. तो दाबला तर काम भागतं, पण बोटाला रुततो. शेजारच्या टेबलावरच्या एकाने मला ही युक्ती हळूच दाखवली. गुरुजी आमच्याकडे पाठ करून बसले होते, तरी म्हणाले, "दाबा, दाबा. चोरी करायची तर बोट तरी दुखू दे." मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे कीबोर्ड दोन्ही कोपऱ्यांत बोडके होते.

आमचं ऑफिस अरेरा कॉलनीत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली लेडीज टेलर, वर आम्ही. मोबाइलची ॲप बनवायचो. मुख्य ऑफिस पुण्याला, आम्ही शाखा. गुरुजी आमच्यातले सगळ्यात वडील. एका सरकारी कारखान्यात मोठ्या कॉम्प्युटरवर त्यांची उमर गेली होती. निवृत्त झाल्यावर घरी बसायचा त्यांनी प्रयत्न केला म्हणे, पण तो काकूंना झेपला नाही. "गुरुजी" हे नाव शिकवण्यावरून पडलेलं नव्हतं. घराणं ग्वाल्हेरचं, वडील भिक्षुकी करायचे, आणि त्या घरातलं सगळं बोलणं गुरुजींच्या तोंडात जसंच्या तसं राहिलं होतं. ऑफिसातल्या प्रत्येकाला ते "यजमान" म्हणत. मी "यजमानीणबाई". कोणाचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. मॅनेजर अस्सल भोपाळी, बरेलीकडच्या आजोळाची तहजीब मिरवणारे, तेही यजमान. चहा आणणारेही यजमान. एकदा टेलरकडची एक गिऱ्हाईक चुकून वर आली, तर तिलाही बसायला खुर्ची देऊन म्हणाले, "बोला यजमानीणबाई, कोणतं विघ्न घेऊन आलात?" ती ब्लाउजचं माप घेऊन आली होती.

त्यांची मराठी ऐकून माझी आई तोंडाला पदर लावून हसायची. आम्ही बदलीने महाराष्ट्रातून आलेले. बाबा निवृत्त झाले तरी कोटरा सुल्तानाबादमधलं घर सोडायचं कोणाच्या मनात आलं नाही. घरी आम्ही पुणेरी थाटाची मराठी जपून ठेवलेली, आणि दोन गल्ल्या सोडून राहणारे गुरुजी दारात उभे राहून विचारायचे, "काय करून राहिल्या तुम्ही? वहिनी, फिजूलची चहा नका टाकू." चहा स्त्रीलिंगी झाली की आईची सहनशक्ती संपायची.

गुरुजींकडून काम तपासून घ्यायचं म्हणजे ते मोठ्याने वाचून दाखवावं लागे. हो, प्रोग्राम. मोठ्याने. ते डोळे मिटून मांडी घालून खुर्चीवर बसत आणि आम्ही एकेक ओळ म्हणत जात असू. डोळ्यांना दिसत नाही ते कानाला कळतं, असा त्यांचा सिद्धांत. एखादी ओळ आधी येऊन गेली असेल तर ते एक डोळा उघडत. दुसऱ्यांदा आली तर दोन्ही. तिसऱ्यांदा आली की कानांवर हात. "अहो, हे आत्ताच म्हटलं की तुम्ही! देवाला एकदा सांगितलेलं समजतं आणि मशीनला नाही समजत होय?" सुरुवातीला मला फार लाज वाटे, कारण खिडकीतून आमचं पठण खाली टेलरकडे ऐकू जात असे. पुढे टेलरसुद्धा ओळी गुणगुणायला लागले.

काकूंना मी एकदा विचारलं, घरीही असंच का? त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे भांडणसुद्धा एकच आहे गं. विषय तेवढा बदलतो."

मला तेव्हा नुसतं हसू आलं. पण गुरुजींनी आयुष्यभर जे सांगितलं ते काकूंनी शेंगा सोलता सोलता एका वाक्यात सांगून टाकलं होतं, आणि आमची शाखा शेवटी त्याच वाक्यावर वाचली.

झालं होतं असं. शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी आम्ही ॲप केलं होतं. रक्त तपासायला घरी माणूस बोलवा, रिपोर्ट पाहा, बिल पाहा, पत्ता बदला, असे बरेच पडदे. प्रत्येक पडदा लांबच्या सर्व्हरला काहीतरी विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. तोवर फोनवर एक चक्र फिरत राहतं. काम सांगून आपण मोकळं व्हायचं, झालं की तिकडून निरोप येतो. या निरोपाला आमच्या धंद्यात कॉलबॅक म्हणतात. निरोप आला की चक्र थांबवायचं, चांगला असेल तर माहिती दाखवायची, वाईट असेल तर माफी मागायची. रिपोर्ट असो की बिल, करायचं तेच. पण आमच्या आधीच्या मंडळींनी प्रत्येक पडद्यासाठी ते वेगळं लिहिलं होतं. लिहिलं म्हणजे काय, चिकटवलं होतं. तेव्हा त्यांच्या कीबोर्डवर बटणं होती.

मग एका पडद्यावर चक्र थांबेना. आम्ही दुरुस्त केलं. दुसऱ्यावर थांबेना, तेही केलं. एक राहून गेला, नेमका घरी माणूस बोलवायचा. शिवाजी नगरातल्या एका आजींनी चक्र फिरतंय म्हणून पुन्हा बटण दाबलं, आणि सकाळी त्यांचं रक्त काढायला लॅबची दोन माणसं दारात हजर. आजी भल्या. पहिल्यापुढे म्हातारीने दंड धरला, दुसऱ्यापुढेही धरला. तपासणीची पद्धतच तशी असेल, असं त्यांना वाटलं. त्यांच्या मुलाला मात्र तसं वाटलं नाही, आणि तो थेट लॅबच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. साहेब आमच्याशी नेहमी हिंदीत बोलत. आम्ही भोपाळचे, म्हणजे हिंदीवाले, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्या नावांवर त्यांनी कधी नजर टाकली असती तर निम्मी आडनावं त्यांच्या गल्लीतली निघाली असती. हिंदीत आम्हाला झाडून झाल्यावर ते शेजारी बसलेल्या कोणाला तरी आमच्यादेखत मराठीत म्हणाले, "या भोपाळवर आता पाणी सोडायचं. डॉक्टरांना एकदा भेटून येतो, माफी मागतो आणि प्रोजेक्ट इकडे घेऊ. तिथले कोण अमुकतमुक यायला तयार असतील त्यांना एखादा कोपरा देऊ बसायला."

मॅनेजरना काही कळलं नाही. मला कळलं. आईबाबांना कोटऱ्यात सोडून मला पुण्याला जायचं नव्हतं. तिथे आमचे नातेवाईक आहेत, आणि आम्ही भोपाळला का राहतो याबद्दल त्यांची मतंही आहेत. त्यांच्या हॉलमध्ये गादी घालून, कोणातरी साहेबाच्या कोपऱ्यात बसून जगायचं माझ्या मनात नव्हतं. मला माझं गाव हवं होतं, ते ऑफिस हवं होतं, तो बोडका कीबोर्डसुद्धा हवा होता. मी मराठीत काहीतरी खणखणीत बोलायला तोंड उघडणार तोच गुरुजींनी टेबलाखालून माझी खुर्ची मागे ओढली. कॉल संपल्यावर म्हणाले, "आत्ता नाही. मराठी झाकून ठेवा. हा माणूस येऊन राहिलाय ना इथे? येऊ दे."

डॉक्टरीणबाई आणि साहेब एकाच दिवशी येणार होते. मॅनेजरचं म्हणणं सरळ होतं: जिथे जिथे चक्र अडकतंय तिथे तिथे दुरुस्त करा आणि हात जोडा. गुरुजींनी उलटं केलं. त्यांनी मला सगळे निरोप मोठ्याने वाचायला लावले. रिपोर्टचा वाचला, बिलाचा वाचला, पत्त्याचा वाचायला लागले तर कानांवर हात. मग उठून ते म्हणाले, "काढून टाका. सगळे. एकच लिहा."

"एक कसा?" मी म्हटलं. "प्रत्येकात वेगळी वस्तू येते."

तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. कॉलेजात असताना एकदा वडिलांना ताप आला आणि सत्यनारायण सांगायला यांना पाठवलं. यजमान कारखान्यातले बडे अधिकारी. पोथीत संकल्पाच्या जागी छापलेलं असतं, अमुक गोत्रात जन्मलेला, अमुक नावाचा मी. तिथे समोरच्याचं गोत्र आणि नाव घालायचं. यांनी घाबरून छापलेलं तेवढं खणखणीत म्हटलं, "अमुकगोत्रोत्पन्नः अमुकनामा अहम्", आणि त्या अधिकाऱ्यांनी तेच मोठ्याने म्हणून ताम्हनात पाणी सोडलं. पूजा यथासांग झाली. प्रसाद उत्तम. पुण्य मात्र कोण्या अमुकाला गेलं. घरी आल्यावर वडील तापातच उठून बसले आणि म्हणाले, "गाढवा, प्रत्येक यजमानाची वेगळी पोथी छापायची का? जागा सोडलीय ती तू भरायचीस म्हणून."

हे सांगताना गुरुजी स्वतःच इतके हसले की चष्मा पुसावा लागला. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: निरोप, आणि पुढे टोकदार कंसात, अमुक. चक्र थांबवणं, माफी मागणं, बटण बंद करणं, सगळं या एका पोथीत. रिपोर्टच्या पडद्याने कंसात रिपोर्ट भरायचा, बिलाच्या पडद्याने बिल. आमच्या भाषेत याला जेनेरिक्स म्हणतात, आणि त्या कंसात सगळं जग नुसतं 'टी' लिहितं. गुरुजी म्हणाले, टी म्हणजे चहा, ती खालून येते.

शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "गुरुजी, मग सरळ 'काहीही' लिहू ना. काहीही आलं तरी घेऊ, नंतर बघू काय आहे ते."

गुरुजी एवढे चिडलेले मी पुन्हा पाहिले नाहीत. "काहीही? बिलाच्या जागी रिपोर्ट आला तर तोही घेणार? आजींना साखर किती, विचारलं तर रुपये सांगणार? अमुक म्हणजे काहीही नव्हे, यजमान! अमुक म्हणजे कोणीतरी एक, ज्याचं नाव अजून घ्यायचंय. आणि नाव घेतल्याशिवाय हे मशीन तुम्हाला पुढे जाऊ देणार नाही. माझ्या बापापेक्षा कडक आहे ते."

मॅनेजर दारात उभे राहून ऐकत होते. "गुरुजी, मरवाओगे क्या? चालू ॲप उखाड़ रहे हो!"

"यजमान," गुरुजी शांतपणे म्हणाले, "चालू है, इसी का तो रोना है."

मी उखडलं. एकेक निरोप काढला आणि त्याजागी पोथीला नुसतं नाव भरलं. पहिल्यांदा सगळीकडे लालच लाल झालं, मशीन प्रत्येक पडद्यावर विचारायला लागलं, कोण अमुक? कोण अमुक? मी भरत गेले. पत्त्याच्या पडद्यावर आधीच्यांनी चुकून बिलाचा निरोप चिकटवलेला सापडला. इतके दिवस तो तसाच होता, कोणाला कळलं नव्हतं. दुपारच्या चहाला मॅनेजर माझ्या पाठीमागे येऊन उभे राहत आणि लाल किती उरलं ते पाहून जात. जितकं उडवलं त्याच्या मानाने लिहिलं फारच थोडं, आणि मला रोज घरी जाताना हलकं हलकं वाटे. आईने विचारलं, "आज काय केलंस?" मी म्हटलं, "पुसलं."

ते दोघे आले. डॉक्टरीणबाई जुन्या भोपाळच्या, बोलायला गोड आणि नजर चाकूसारखी. साहेब सूटमध्ये, घामाघूम, माफीचं भाषण पाठ करून आलेले. बाईंनी भाषण ऐकलंच नाही. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, रिपोर्टचा पडदा उघडला आणि इंटरनेट बंद केलं. चक्र थांबलं. फोनने माफी मागितली. बिलाचा पडदा, तेच. पत्ता, तेच. घरी माणूस बोलवायचा पडदा उघडून त्यांनी आजींसारखं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. बटण हललं नाही, पहिल्या दाबातच बंद झालं होतं. गुरुजी सुपारी कातरत होते.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "मगर सिर्फ़ माफ़ी से मरीज़ का क्या होगा? हर जगह हमारे काउंटर का नंबर आना चाहिए, कि भई नेट नहीं है तो फ़ोन कर लो. कितने दिन लगेंगे?"

साहेब लगबगीने पुढे झाले. "मैडम, इतने स्क्रीन हैं, हर एक में डालना पड़ेगा. पूना की टीम दो-तीन हफ़्ते में..."

गुरुजींनी माझी खुर्ची ओढून मला खूण केली. "बैठिए यजमानिन. मॅडम, चहा लेंगी?"

मी पोथी उघडली. माफीची ओळ एकच होती, तिच्याखाली नंबराची एक ओळ घातली. कंट्रोलच्या जागेला बोटही लागलं नाही. चहा आली, मॅनेजरनी ती ओतली, तोवर ॲप नव्याने तयार होऊन फोनवर गेलंही होतं. बाईंनी एका हातात कप धरून दुसऱ्या हाताने पडदे उघडायला सुरुवात केली. रिपोर्ट, नंबर. बिल, नंबर. पत्ता, नंबर. जिथे जातील तिथे नंबर! त्यांच्या काउंटरवरचा फोन खरोखर वाजायला लागला, कारण त्यांनी एका पडद्यावरून फोन लावूनच पाहिला. "को खां, मैं बोल रही हूँ," त्या फोनमध्ये अस्सल भोपाळी थाटात म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. चहा अजून गरम होती.

"ये लोग कहीं नहीं जाएँगे," त्या साहेबांना म्हणाल्या. "मेरा काम यहीं होगा, इन्हीं से होगा."

साहेब माझ्या स्क्रीनवर वाकले. तिथे टोकदार कंसात 'अमुक' लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हळू आवाजात विचारलं, "ये... किसने किया है?"

गुरुजी उठले. सुपारी बाजूला ठेवली, हात धुतल्यासारखे झटकले आणि संकल्पाच्या खणखणीत सुरात, खाली टेलरचं मशीन थांबेल एवढ्या मोठ्याने, म्हणाले, "कोटरासुल्तानाबादगोत्रोत्पन्ना", आणि पुढे माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. सगळं. एकही अक्षर न गाळता. ज्या माणसाने तोवर कोणाचंच नाव उच्चारलं नव्हतं त्याच्या तोंडून माझं नाव आलं आणि माझे डोळे भरून आले. मग ते साहेबांकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाले, "नाव घेऊन झालं. आता बोला साहेब, पाणी कुठे सोडायचं?"

साहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. तो कॉल, ते वाक्य, तो कोपरा, सगळं एकामागून एक त्यांच्या तोंडावर उमटत गेलं. "तुम्ही... मराठी?"

"मी ग्वाल्हेरचा. ही तुमच्या सदाशिव पेठेतल्या कोणाची तरी भाची. आणि हे यजमान भोपाळचे, पण त्यांनाही आता अमुक म्हणजे काय ते समजतं."

साहेबांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. गुरुजींनी बोट वर केलं. साहेब थबकले, माझ्याकडे पाहिलं आणि माझं नाव घेतलं, आडनावासकट, बरोबर. मग पाणी प्यायले. मॅनेजरना एक शब्द कळला नव्हता, पण टाळ्या सगळ्यात आधी त्यांनीच वाजवल्या.

शाखा जिथे होती तिथेच आहे. पुण्याची मंडळी आता नवं काही लिहिताना आम्हाला विचारतात, आणि त्यांच्याही प्रोग्राममध्ये टोकदार कंसांत अमुक दिसायला लागलेत. गुरुजी आता नोकरी सोडून घरी असतात, काकू कशाबशा निभावून नेतात.

त्या दिवशी पाहुण्यांना खाली सोडून मी वर आले तेव्हा ते माझ्या टेबलापाशी बटव्याच्या दोऱ्या सैल करत उभे होते. आतून सुपारीची धूळ लागलेली माझी दोन बटणं काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

"घ्या," म्हणाले. "आता तुम्हाला लागणार नाहीत, म्हणून देऊन राहिलोय."